वळणावरचे पीडी सार

बाळ बाहेर आलं, आणि रडलं नाही.

पेनगंगेच्या अलीकडं आमची पीएचसी, म्हणजे गावातला लहान सरकारी दवाखाना. मी तिथं स्टाफ नर्स होते. सकाळची वेळ, डॉक्टर शाळेच्या कॅम्पला गेलेले. लेबर रूममध्ये मी आणि नुकतीच जॉइन झालेली शीतल. मला अक्का म्हणायची. टेबलावर वंदना, पहिलंच बाळंतपण.

मी नाळ कापली, बाळाला वॉर्मरवर, म्हणजे उबेच्या दिव्याखाली ठेवलं, पुसलं, पाठ चोळली. मुलगी होती. अंग ढिलं, ओठ निळे. काळजाचे ठोके होते, श्वास नव्हता. अशा वेळी अंबू बॅग लागते. रबरी फुग्यासारखी असते, पुढं मास्क. तो बाळाच्या नाकातोंडावर बसवायचा आणि बॅग दाबून हवा आत द्यायची. मी बॅग उचलली, तेवढ्यात मागं फरशीवर टपटप आवाज झाला. वार, म्हणजे प्लासेंटा, पडली होती, आणि तिच्यामागून रक्त.

बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून घट्ट व्हावं लागतं. नाही झालं तर रक्त थांबत नाही, बाई बघता बघता हातची जाते. बॅग शीतलला दिली आणि मी टेबलाकडं धावले. सलाइनमध्ये इंजेक्शन टाकलं, पोट चोळलं. थांबेना. मग एकच उपाय. एक हात आतून, एक पोटावरून, मध्ये गर्भाशय दाबून धरायचं. हात काढायचा नाही. तशीच दाराशी असलेल्या आयावर ओरडले, "डॉक्टरांना फोन लाव! गाडी बोलाव!"

म्हणजे बघा, जीव दोन आणि माझे दोन्ही हात एकीतच अडकलेले.

"छाती वर येते का गं?"

"नाई अक्का. दाबून राह्यली मी, हवा बाजूनंच जाते."

"बाई," वंदना म्हणाली, "रडून काऊन नाई राह्यलं?"

मी पोट आणखी दाबून धरलं.

"अक्का, तुमी या. माह्यानं नाई होत."

आता इथं मला पीडी सारांचं सांगावंच लागेल. पीडी म्हणजे फिजिकल डायरेक्टर, कॉलेजातले खेळाचे कोच. आमच्याकडं सरांना सारच म्हणतात. मी आदिलाबादला इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होते, आठशे मीटर पळायची. शेवटच्या वळणावर दर वेळी छातीत गोळा यायचा आणि मी ट्रॅक सोडून खाली बसायची. सार रागावले नाहीत. बाकीचे कोच घड्याळ घेऊन फिनिशवर. आमचे सार एक दिवस त्या वळणावरच येऊन उभे राहिले. "खांदे सोड. हात खाली घे. माह्यापर्यंत ये, पुढचं पुढं पाहू." सारांपर्यंत पोचलं की उरलेलं पळून व्हायचं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी घाबरून मी घरी परतायला ट्रंक भरली, तर सार बस स्टँडवर आले. "परीक्षेपर्यंत थांब. पुढचं पुढं पाहू." थांबले. ती रिटायर होईपर्यंत थांबले.

"शीतल, मी इथंच हाओ. बाळाची मान पाह्य. लई मागं गेली. फूल हुंगतो तशी ठेव, थोडीशीच वर. झाली? मास्क हनुवटीपासून बसव. आता माह्या आवाजासंगं. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड."

"अक्का, कवरोक?"

"मी बोलते तवर. पुढचं पुढं पाहू."

"आली! छाती वर आली!"

"मंग तू काऊन रडून राह्यली? दाब."

माझी मनगटं बधिर झाली. वंदनाचे डोळे मिटायला लागले की तिला हाक मारायची, "वंदे, इकडं पाह्य," आणि लगेच शीतलकडं, दाब, सोड, सोड. बाहेरून वंदनाची सासू दार वाजवत होती. मध्येच उचकीसारखं काही ऐकू आलं. मला वाटलं भास. पुन्हा आलं. मग रडणं, बारीक आणि चिडकं.

वंदनानं डोळे न उघडता विचारलं, "माहीच हाय का?"

"तुहीच. इथं दुसरं कोन हाय?"

हळूहळू हाताखाली गर्भाशय घट्ट झालं. गाडी आली, दोघींना जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दोघी वाचल्या.

डॉक्टर परत आले ते विचारतच. "सिस्टर, बच्ची को नयी लडकी के हाथ में काएको दिया?"

"सर, मेरे हाथ कहाँ खाली थे?"



संध्याकाळी मी सारांना मुधोळला त्यांच्या घरी फोन लावला. म्हातारे झाले होते, पण सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, शाब्बास म्हणतील. म्हणाले, "त्या पोरीला सांगितलं का, चांगलं केलं म्हणून?"

नव्हतं सांगितलं.

शीतल मागं नळावर मास्क धूत बसली होती, डोळे सुजलेले. "अक्का, डॉक्टर काय म्हणले ते ऐकलं मी. नोकरी सोडून देऊ का?"

"येडी हायेस का? तुह्या हातानं जगली पोरगी. उद्याच्या ड्युटीपर्यंत ये. पुढचं पुढं पाहू."

ती आली. आज त्या लेबर रूमची इनचार्ज तीच आहे.

अंबू बॅग वापरल्यावर सुटी करून साबणाच्या पाण्यानं धुवावी, जंतुरहित करावी, वाळवून जागेवर ठेवावी. पण त्याच्याही आधी ती दाबणाऱ्या मुलीशी दोन शब्द बोलावेत. हे आमच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवलं.