खरे मणी धुतले, खोट्यांना माती फासली!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

दागिने करायला जुने काचेचे मणी हवे होते, म्हणून सकाळी इथल्याच, सोलापुरातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं दोन वाट्या पुढे ठेवल्या. एकीत मातीनं माखलेले मणी, दुसरीत लखलखीत.

मी साहजिकच मातीतला उचलला. ओला अंगठा फिरवला, तर आतून करकरीत नवा मणी!

"मग जुने कुठायत?"

"ह्ये की, ताई." त्यानं लखलखीत वाटी सरकवली. "मंद्रूपच्या शेतात नांगरताना घावल्यात. लई कळकट व्हते, म्हणून ॲसिडनं धुतले."

मणी खरेच होते. हातानं घडवलेले, म्हणून एकाचं भोक दुसऱ्यासारखं नव्हतं. पण शेकडो वर्षं मातीत राहून काचेवर चढते ती सप्तरंगी झाक पार गेली होती.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडलेच.

"मळकं गिऱ्हाईक घेत न्हाय, ताई."

"मग नव्यांना माती कशाला फासली?"

"गिऱ्हाईक जुनं मागतंय की!"

दोन्ही वाट्या त्याच्याकडे परत सरकवल्या. रिकाम्या हातानं परत आले.

तर मंडळी, ज्यांना जुनं चकचकीत आणि नवं मळकट हवं असतं, त्यांनी जरा हात वर करा. मला तुमच्याशीच बोलायचंय.