नारळ दाराबाहेर

नाशिकहून सकाळी निघालेली एसटी जव्हार, विक्रमगड, मनोर मागे टाकून मासवणजवळ थांबली. टायर पंक्चर होता. कंडक्टरने पाच मिनिटं लागतील असं सांगितलं, त्यामुळे जाणते प्रवासी खाली उतरून सावली शोधू लागले. रस्त्याकडेच्या भाजीच्या वाफ्याला नुकतंच पाणी सोडलेलं होतं. त्यात माझा एक बूट घोट्यापर्यंत रुतला. पुढे या बुटाची रीतसर तपासणी झाली, म्हणून ही नोंद.

आयात-निर्यात करणाऱ्या उद्योगांनी सीमाशुल्काचं नियोजन कसं करावं, यावर मला लिहायचं होतं. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक लहान कारखाना दुधाच्या डेअऱ्यांसाठी स्टीलचे व्हॉल्व्ह बनवतो. मालक हेमंत चुरी यांचा माल आजवर मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत, व्यापाऱ्याच्या नावाने परदेशी जात असे. या वेळी प्रथमच त्यांच्या स्वतःच्या नावाचा कंटेनर ऑस्ट्रेलियाला निघणार होता. तिकडच्या ग्राहकाने बजावलं होतं की पहिलाच माल अडकला किंवा उशिरा आला, तर दुसरी ऑर्डर पुन्हा त्या व्यापाऱ्याकडे जाईल.

मुक्काम पालघरजवळच्या माहीमला चुरींच्या घरी होता. समुद्र घरातून दिसत नाही, ऐकू येतो. वाडीत नारळ, केळी आणि मांडवावर चढवलेले पानवेल. चुरींच्या आई, ज्यांना सगळा गाव काकू म्हणतो, संध्याकाळी वाडीत नारळ निवडत होत्या. कानाशी धरून हलवायचा, पाण्याचा आवाज ऐकायचा, बाजूला ठेवायचा. तिसरा पसंत पडला. उद्याच्या पूजेसाठी, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो नारळ त्यांच्या मांडीवर बसून रिक्षाने पालघरमार्गे बोईसरला आला. खड्डा आला की काकू एक हात नारळावर ठेवत आणि दुसऱ्याने रिक्षाचा दांडा धरत.

बोईसर शहर संपून वसाहत कुठे सुरू होते, हे पाटीआधी नाक सांगतं. मी रुमाल काढला. "साहेब, आज वारा उलटा हाय," रिक्षावाला म्हणाला, "नायतर खरा वास आला असता."

कारखान्याच्या दारातच मोहिते भेटले. ते सीमाशुल्काचे सल्लागार, ठाण्याचे. त्यांनी आधी माझ्या बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मासवणची माती वाळून टाचेला चिकटली होती. ओलं फडकं आलं आणि बूट पुसल्याखेरीज मला आवारात सोडलं गेलं नाही. ऑस्ट्रेलिया माती, बी-बियाणं, फळं-फुलं, किडे यांबाबत फार कडक आहे, असं मोहिते म्हणाले; चिमूटभर मातीने कंटेनर बंदरात अडकू शकतो.

सकाळभर त्यांनी नियोजन समजावलं. ते ऐकण्यासारखं होतं. मालाचं वर्गीकरण चुकलं तर शुल्क चुकतं. माल भारतात बनल्याचा दाखला वेळेत काढला तर तिकडे सवलत मिळते. कच्चं स्टील बाहेरून आणताना परवाना आधी घेतला तर त्यावरचं शुल्क वाचतं. लाकडी खोक्यांना कीडमुक्तीचा शिक्का लागतो, म्हणून त्यांनी लाकूडच नको म्हटलं. सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत, प्लास्टिकच्या पाटांवर. कंटेनर आतून धुऊन, पुसून, वाळवून घेतला होता. "नियोजन म्हणजे माणसाच्या सवयी आधीच ओळखणं," ते म्हणाले. मी ते लिहून घेतलं.

माल भरून झाल्यावर पूजेची वेळ झाली. प्रमुख पाहुणे अर्थातच मोहिते. काकूंनी त्यांच्या हाती नारळ दिला आणि त्यांनी तो एका घावात फोडला. सवयीचा हात होता. एक कवड (नारळाचा अर्धा भाग) काकूंच्या ताटात आली. दुसरीवर मोहित्यांनी हळदकुंकू वाहिलं, ती कंटेनरच्या आत, पहिल्या खोक्यासमोर ठेवली, वर झेंडूची फुलं घातली आणि मूठभर अक्षता आत उधळल्या. टाळ्या झाल्या. मी फोटो काढला. दार बंद झालं, इलेक्ट्रॉनिक सील लागलं, सीलचा क्रमांक सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर चढला आणि ट्रेलर न्हावा-शेवाच्या वाटेला लागला.

जेवणाला माहीमहून आणलेली उकडहंडी (वालाच्या शेंगा आणि कंद ओल्या मसाल्यात शिजवलेले) आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. काकू प्रसाद वाटायला निघाल्या, तर खोबरं निम्म्या लोकांतच संपलं.

"दुसरी कवड कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"आत ठेवलीय ना, आई. मालाबरोबर," हेमंत म्हणाले.

"मंग या पोरांना काय वाटू? पाववाल्याकडून आणू परसाद?"

कामगार हसले. मोहिते हसले नाहीत. त्यांच्या हातातला घास ताटात परत गेला. ओलं खोबरं, फुलं, तांदूळ: सकाळी त्यांनी जे जे वर्ज्य सांगितलं, ते सगळं आता सीलबंद होऊन ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं की ते आत कोणी ठेवलं. शेजारचा पॅकिंगवाला अदबीने म्हणाला, "आपने ही रखा था, सर. फोटो भी है।"

हेमंत ताटावरून उठले. त्यांनी ट्रेलरच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो बेटेगावला चहासाठी थांबला होता. परत फिरायला तो तयार होईना. नारळ फोडून निघालेली गाडी माघारी नेत नाहीत, असं त्याचं म्हणणं. अखेर काकूंनी फोन घेतला आणि त्याला समजावलं की नारळच तेवढा आणायचा आहे, शकुन तिकडेच राहू दे.

ट्रेलर कारखान्याच्या दारात परत आला. सील तोडावं लागलं. तोडलं म्हणजे नवं सील, नवा क्रमांक, निर्यातीच्या घोषणापत्रात दुरुस्ती आणि ती मंजूर होईपर्यंत बंदराबाहेर थांबणं. बंदराचं फाटक या मालाच्या जहाजासाठी संध्याकाळी बंद होणार होतं. हेमंतनी घड्याळ पाहिलं आणि मनगट मागे घेतलं.

मोहिते बूट काढून स्वतः आत शिरले. कवड लगेच सापडली. अक्षता खोक्यांच्या फटींत गेल्या होत्या, म्हणून अर्धा माल पुन्हा खाली उतरवला गेला. सल्लागार गुडघ्यांवर बसून टॉर्चच्या उजेडात तांदळाचे दाणे वेचत होते आणि काकू बाहेरून सांगत होत्या, "डाव्या अंगाला बगा, तिकडं जास्त उडाल्या."

ट्रेलर दुसऱ्यांदा निघाला तेव्हा ऊन उतरलं होतं. नारळाशिवाय ड्रायव्हर गाडी सुरू करेना. शेजारच्या दुकानातून नवा नारळ आला. मोहित्यांचा हात सवयीने पुढे झाला.

"तुमी नको," काकू म्हणाल्या. "तुमी कागद बगा."

त्यांनी तो गाडीच्या चाकापाशी फोडला आणि दोन्ही कवडी वाटून टाकल्या. फाटकाची वेळ गाठणं शक्य नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत, मासवणच्या अलीकडे, हेमंतचा फोन आला. जहाज आधीच्या बंदरातूनच उशिरा निघालं होतं. फाटकाची वेळ वाढली, दुरुस्ती मंजूर झाली, कंटेनर आत गेला. आवाजावरून ते रात्रभर झोपले नसावेत. यावर मोहित्यांचं मत असं की नियोजनात वेळेची मोकळीक ठेवली होती, तिचा उपयोग झाला. काकूंचं मत की पहिला नारळ वाया गेला नाही. जहाजाच्या कंपनीने उशिराचं कारण कळवलेलं नाही, त्यामुळे दोन्ही मतं अबाधित आहेत.

मोहित्यांनी पुढे सुधारित नियोजन पाठवलं. त्यात एक नवीन कलम आहे: श्रीफळ व पूजासाहित्य, दाराबाहेर, चाकापाशी. प्रत्येक कलमापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव असतं. बाकी सगळीकडे मोहिते आहेत, इथे काकू. सोबत त्यांनी एक विनंती केली की तो फोटो छापू नये. काकूंनीही एकच विनंती केली होती, तो नक्की छापावा.

फोटो या मजकुरासोबत नाही. त्याची मोठी प्रत माहीमला पाठवली. ती कारखान्यात, माल भरायच्या दारावर लावली आहे, असं कळतं.