साळवे सरांचं घर आणि शेजारचा बंद बंगला

घरं विकायच्या धंद्यात एक गंमत आहे बघा. घर विकलं की ते गिऱ्हाइकाचं होतं, किस्सा मात्र आपल्याकडेच राहतो! शेवगावात स्टँडच्या मागं माझं आणि शकीलभाईंचं छोटं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक पंखा, आणि संध्याकाळी चहाला जमणारी पाच-सहा टाळकी. एखादा किस्सा सुरू झाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "ताई, ते राहू द्या. साळवे सरांच्या घराचं सांगा!" मग मी सांगते. कितीदा सांगितलं तरी मला स्वतःलाच हुरूप येतो!

घर तसं देखणं. पुढं तुळस-मोगरा नाही, पण कण्हेर, जास्वंद आणि दारात क्रूस कोरलेली शहाबादी फरशी. साळवे सर हायस्कुलातून रिटायर झालेले, एस्तरबाई त्यांच्या पत्नी. नाशिकला लेकीला जुळी झाली आणि एस्तरबाईंचा जीव इथं रमेना. "शकीलभाई, नातवंडं रांगायच्या आत विका हो घर!" असं त्या आल्या-गेल्याला सांगायच्या. भांडी तर त्यांनी आधीच खोक्यात भरून ठेवलेली. गिऱ्हाईक आलं की चहासाठी कपबशा काढायच्या, गिऱ्हाईक गेलं की परत भरायच्या.

अडचण एकच. शेजारचा बंगला!

बंगल्याचे मालक वारले, तीन भावांत वाटणीवरून बिनसलं आणि गेटला कुलूप लागलं ते लागलंच. खिडक्यांच्या काचा गेल्या, गच्चीवर पिंपळ उगवला, आणि कंपाउंडमधली वेडी बाभूळ भिंतीवरून वाकून सरळ सरांच्या अंगणात डोकवायची.

* * *

पहिलं गिऱ्हाईक कोपरगावचं. नवरा-बायको, दोघं भारी कपड्यांत. शकीलभाईंनी आधीच जाऊन बंगल्याच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांना पडदे लावले. नवे, जाड, फुलाफुलांचे! हॉल पाहिला, किचन पाहिलं, पाहुण्याबाई खूश. "हवा येत असेल ना इकडून?" म्हणाल्या आणि आम्ही हां-हां म्हणेपर्यंत त्यांनी पडदा सरकवला.

समोर बंगल्याच्या वरच्या मजल्याची खिडकी. खिडकीत एक शेळी! पुढचे दोन्ही पाय चौकटीवर टेकवून, पिंपळाचा पाला चघळत, आमच्याकडे बघत उभी!

बाई दोन पावलं मागं सरकल्या. "अहो, हे वर कोण राहतं?"

शकीलभाई जराही डगमगले नाहीत. "भाडेकरू आहे, मॅडम. शुद्ध शाकाहारी!"

मला हसू आवरेना. पाहुण्यांना मात्र ते आवरलं. कपबशा परत खोक्यात!

* * *

त्यानंतर शकीलभाईंनी साळवे सरांची शिकवणी घेतली. कारण सरांचा एक मोठा दोष होता. माणूस खोटं बोलेना! चाळीसेक वर्षं पोरांना 'खरे बोलावे' शिकवलेलं, ते अंगातच भिनलेलं.

"सर, गिऱ्हाईक आलं की तुम्ही फक्त नमस्कार म्हणायचं. बाकी आम्ही बोलतो."

"आणि त्यांनी मला काही विचारलं तर?"

"तर हसायचं."

ठरलं! पुढच्या रविवारी चर्चहून सर आले आणि पाठोपाठ एक बागायतदार गिऱ्हाईक आलं. रांगडा गडी, मुलांच्या शाळेसाठी गावात घर हवं होतं. घर बघून म्हणाला, "लई झ्याक हाय! पर त्या बंगल्यात झाडी लई दिसती. काय हो सर, साप-बिप निघतात का?"

मी सरांकडे पाहिलं. शकीलभाईंनी पाहिलं. सर हसले. ठरल्याप्रमाणे छान हसले. तो माणूस वाट बघत उभाच. सर आणखी थोडं हसले. शेवटी त्यांना राहवेना.

"रोज नाही," सर म्हणाले!

ऑफिसात आल्यावर शकीलभाई खुर्चीत बसले, पंखा लावला आणि म्हणाले, "ताई, ह्या माणसाला खोटं बोलायला शिकवण्यापेक्षा सापांना समजावणं सोपं आहे!"

* * *

एकदा वास्तू बघणारे आले. गिऱ्हाइकानंच आणलेले. होकायंत्र घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरले, पण नजर सारखी भिंतीपलीकडे. मग डोळे मिटून म्हणाले, "घर ठीक आहे. पण शेजारच्या वास्तूत फार दोष आहे. मुख्य दार चुकलंय, जिना चुकलाय, पाण्याची टाकी तर भलत्याच दिशेला."

एस्तरबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या. तशा मितभाषी बाई. पण त्या दिवशी त्यांचंही डोकं फिरलं असावं.

"ते त्यांच्या दारात जाऊन सांगा," म्हणाल्या. "इथं चहा फक्त ह्या घराच्या दोषांसाठी केलाय!"

* * *

शेवटी मी म्हटलं, निदान ती बाभूळ तरी तोडून घेऊ. पण परवानगी कोणाची? मोठ्या भावाला फोन केला. "धाकट्याला विचारा." धाकट्याला केला. "मोठे दादा सांगतील तसं." मधल्याला केला. "कोणता बंगला?"

माझं टाळकं सटकलं! तिघांचा मिळून व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव दिलं 'बंगला'. वाटलं, आता समोरासमोर बोलतील.

मोठ्यानं गुलाबाच्या फुलाचं 'शुभ सकाळ' टाकलं. मधला लगेच ग्रुप सोडून गेला. मोठ्यानं विचारलं, "हा का गेला?" धाकट्यानं लिहिलं, "तुम्ही आलात म्हणून." मग मोठाही गेला. ग्रुपात उरलो मी आणि धाकटा!

मी बाभूळ तोडायचं तेवढं विचारणार, एवढ्यात त्याचा मेसेज आला. "ताई, दोघांशी तुमचं बोलणं झालं का? बरे आहेत का?"

मी ऑफिसात होते. लिहिलं, "आवाजावरून दोघंही ठणठणीत वाटले."

मग त्यानं लिहिलं, "बाभूळ तोडा. गेटजवळची सीताफळं ठेवा, बाबांनी लावलीत."

दुसऱ्या दिवशी माणसं लावून बाभूळ तोडली. सीताफळांना हात लावला नाही. आम्ही सगळे अंगणात येऊन मोठ्या आनंदानं बंगल्याकडे बघायला लागलो. बाभळीमागं झाकलेला बंगला आता पायापासून गच्चीपर्यंत स्वच्छ दिसत होता. भिंतीला तडे, कठडा लोंबलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले!

"त्या बिचाऱ्या झाडानं अब्रू झाकली होती हो," शकीलभाई म्हणाले.

* * *

तरी एकदा जमत आलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई, एकट्या, समजूतदार. "मला काय, दिवसभर ड्यूटी. शेजारी बंगला असो नाहीतर डोंगर!" एस्तरबाईंनी नाशिकला फोन करून लेकीला सांगूनही टाकलं. नर्सबाईंनी कर्जासाठी अर्ज केला आणि घर बघायला बँकेचा माणूस आला. टाय लावलेला, हातात मोजायचा टेप.

बंगल्याच्या पोर्चमध्ये आग्या मोहोळ लागलेलं, ते आमच्या लक्षातच नव्हतं! पलीकडच्या गल्लीत कोणीतरी पाचोळा पेटवला, धूर तिकडे गेला, आणि माशा उठल्या. "पळा!" शकीलभाई ओरडले. सर आणि एस्तरबाई किचनमध्ये, आम्ही दोघं बेडरूममध्ये, आणि बँकेचा माणूस बाथरूममध्ये. दारं बंद!

माशा काही हलेनात. हॉलभर घों-घों. मी दारामागून विचारलं, "साहेब, बरे आहात ना?"

"बरा आहे."

आणखी बराच वेळ गेला. मग बाथरूममधून आवाज आला, "ताई, बाथरूम मोजून झालं! आता काय मोजू?"

माणूस चांगला निघाला. कर्जाला हरकत नाही म्हणाला. पण त्याच आठवड्यात नर्सबाईंची बदली झाली, थेट राजूरला! त्या स्वतः सांगायला आल्या. एस्तरबाईंनी त्यांना चहा दिला, पाठीवरून हात फिरवला, आणि त्या गेल्यावर पहिल्यांदाच कपबशा न भरता तशाच ओट्यावर ठेवून आत जाऊन बसल्या. नाशिकहून व्हिडिओ आला होता. जुळी रांगायला लागली होती.

त्या दिवशी आमच्या ऑफिसातही कोणी किस्सा सांगितला नाही.

* * *

आणि आता जालिंदर मास्तरांचं!

एका दुपारी ऑफिसात एक जोडपं आलं. माणूस उंच, काटकुळा, मिशीला कलप. हातात काळी लांबट पेटी. मागं बायको, शोभाबाई. त्या दारातच उभ्या, आत यायला अवघडलेल्या.

"आमी बँडवाले," मास्तर म्हणाले. "मी क्लॅरोनेट वाजवतो. घर पायजे. भाड्यानं न्हाई, इकत."

जास्त बोलणं नाही, सरळ सरांच्या घरी नेलं. पण ह्या माणसानं हॉल पाहिला नाही, किचन पाहिलं नाही. अंगणात उभा राहिला, मान वर करून बंगल्याकडे पाहिलं. शकीलभाईंनी डोळ्यांनीच सरांना दटावलं.

"सर," मास्तरांनी विचारलं, "हितं शेजारी कोन ऱ्हातं?"

सरांनी एकदा शकीलभाईंकडे पाहिलं. मग पाहायचं सोडलं. "कोणी नाही. कित्येक वर्षं बंद आहे. भावांचं भांडण आहे, लवकर उघडेल असं वाटत नाही. मी खोटं सांगणार नाही."

"कोनीच न्हाई?"

"कोणीच नाही."

"अन् पल्याड?"

"पलीकडे रस्ता. मग शेत."

मास्तरांनी बायकोकडे वळून पाहिलं. शोभाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, गेलं हेही गिऱ्हाईक!

"ताई," मास्तर माझ्याकडे वळले, "आमी किती घरं बदलली, इचारू नका. लग्नात लोक खांद्यावर घेऊन नाचत्यात. त्येच लोक घरी रियाज केला की दार वाजवत्यात. एका मालकानं तर सामान बाहेर काढलं हुतं. आता मी टेम्पोत बसून काचा लावून वाजवतो. उन्हाळ्यात पार भाजून निघतो बघा!"

"मग इथं वाजवून बघा की!" एस्तरबाई एकदम म्हणाल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

मास्तरांनी अंगणातल्या कट्ट्यावर पेटी ठेवली, उघडली, क्लॅरोनेट जोडलं. आधी हळूच एक सूर काढला, चोरून काढल्यासारखा. मग थोडा मोठा. मग एक चाल धरली, वरातीत नवरा दारात पोचल्यावर वाजवतात तसली, आणि अर्ध्यावर येऊन थांबले. मान खाली घालून, खांदे आवळून तसेच उभे राहिले. काही तरी ऐकू यायची वाट बघत असल्यासारखे.

कोणी ओरडलं नाही. कुठलं दार वाजलं नाही.

शोभाबाई कट्ट्याजवळ आल्या. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अवो, थांबलात का? वाजवा की मोठ्यानं!"