बापावर गेलेलं तोंड

मुलगी बापाच्या तोंडवळ्याची झाली की भाग्याची, असं आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात सगळेच मानायचे. मी तर हुबेहूब बाबांवर गेले होते. खालचा जबडा पुढे, आणि खालचे दात वरच्या दातांच्याही बाहेर. पाहुणे आले की हनुवटी धरून माझं कौतुक व्हायचं. घरात लक्ष्मी आणि शाळेत ‘ड्रॉवर’! पोरी हे नाव घेऊन खिदळल्या की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तोंडावर हात धरूनच बोलायची सवय मला लागली होती.

तेच तोंड घरात आणखी एकीचं होतं. आत्याचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचं. तिचं लग्न झालं नव्हतं, ती घरीच ब्लाउज शिवायची. तिला मात्र कुणी भाग्याची म्हणत नसे.

मी दुसरीत असेन. पेरू मला समोरच्या दातांनी तोडताच यायचा नाही, म्हणून मी तो तोंडाच्या कोपऱ्यात कोंबून चावत बसले होते. आत्यानं मशीन थांबवलं.

‘इकडे ये वं. दातावर दात ठेव.’

माझे ओठ बाजूला करून तिनं बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी बर्डीच्या बाजारातून अस्तराचं कापड आणते असं घरी सांगून तिनं मला बसमध्ये घातलं, आणि नेलं कुठं, तर सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांपुढे!

‘बरं झालं आत्ताच आणलंत,’ डॉक्टर म्हणाले. ‘समोरचे पक्के दात नुकतेच आलेत, हाड वाढतंय अजून. आता तोंडात बसवायच्या प्लेटनं वळवता येईल. मोठी झाल्यावर हाड पक्कं झालं, की हे इतकं सोपं राहत नाही.’

मग त्यांनी शिकणाऱ्या पोरांना जवळ बोलावलं आणि आत्याला विचारलं, ‘बाई, तुमचं तोंड दाखवू का यांना? लहानपणी इलाज झाला नाही तर पुढे काय होतं, ते कळेल त्यांना.’

आत्यानं पदर सावरला, खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं. एकेक जण वाकून पाहू लागला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. लाज तिची वाटत होती की त्या पोरांची, की तसंच तोंड माझंही आहे याची, कुणास ठाऊक.

प्लेट मिळाली, पण लपवणार कशी? बोलताना जीभ अडखळायची, लाळ गळायची. त्याच रात्री जेवताना बाबांनी पकडलं.

‘काय खराबी आहे वं या तोंडात? माह्यं काही अडलं का? काढ ते आधी!’

आई वाढता वाढता थांबली. मी घाबरून प्लेटला हात घातला. आत्यानं तो हात धरला.

‘तुह्यं काहून अडेल गा? तुले कोणी पाहाले आलं नाही. मले आले होते. चहा पिऊन फाटकापाशी गेले अन् तिथंच हसून राहिले होते. मी आतून ऐकलं. आता माह्या तोंडाकडे पाहून सांग, काढू का पोरीची प्लेट?’

बाबांनी मान वर केली नाही. ताटाकडे पाहतच जेवण संपवलं आणि हात धुवायला उठले. प्लेट माझ्या तोंडातच राहिली.

काही महिन्यांनी वरचे दात हळूहळू खालच्यांच्या पुढे आले. जबडाही मागे गेल्यासारखा दिसू लागला. मला तर वेडच लागलं. आरसा घ्यायचा आणि दात काढून हसायचं, बाजूनं पाहायचं, परत हसायचं. एका दुपारी अशीच हसत होते, तर आरशात माझ्या मागे आत्याचं तोंड दिसलं. दोन्ही तोंडं शेजारी शेजारी. आणि मला कळलं की मी इतके दिवस जे पाहून हरखत होते ते एवढंच होतं, मी तिच्यासारखी दिसत नाही. इतकी लाज वाटली, की मी आरसा पटकन पालथा घातला.

तिनं तो उचलून परत माझ्या हातात दिला.

‘काहून वं? पाह ना. याच्यासाठीच तर नेलं होतं तुले.’