ताडपत्रीखालची पुस्तकं

यवतमाळातलं बाबांचं पुस्तकांचं दुकान मी मागच्या हिवाळ्यात बंद केलं. केलं कसलं, करावं लागलं. गाळ्याच्या मालकाला तिथं मोबाईलचं दुकान हवं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे गिऱ्हाईकही उरलं नव्हतं. शाळेची पुस्तकं आणि गाईडं एका व्यापाऱ्यानं उचलली. कथा-कादंबऱ्या तेवढ्या राहिल्या. रद्दीवाला आला तर मी त्याच्यावर अशी खेकसले की पुढच्या वेळी तो पलीकडच्या बाजूनं गेला. बाबांनी रोज फडक्यानं पुसलेली पुस्तकं मी तराजूत टाकू? मेले तरी नाही. जातील तर दुसऱ्या पुस्तकाच्या दुकानातच जातील, असं मी ठरवून टाकलं.

छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं घेतला, गठ्ठे भरले, वर ताडपत्री बांधली. गाडी चालवायला आमचे हे. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, अजूनही थांबा दिसला की गाडी हळू करतात. त्यांना मी एकच ताकीद दिली होती.

"दुकान बंद झाल्याचं मी सांगीन. तुमी तोंड बंद ठेवजा."

कारण ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आमच्या पोरीचं लग्न घरात पक्कं व्हायच्या आधी अख्ख्या डेपोला कळलं होतं.

दुसऱ्या पुस्तकवाल्यासमोर धंद्याचं रडगाणं गायचं नाही, हा बाबांचा नियम. आपल्याकडे नसलेलं पुस्तक दिग्रसहून, पुसदहून मागवायचं, त्यांना लागलं की आपलं पाठवायचं, सगळं भरवशावर. गठ्ठे एसटीतून यायचे. ते नीट आणून देणारा ड्रायव्हर बाबांच्या डोळ्यात भरला आणि माझं लग्न जमलं. पुसदचे काका म्हणजे बाबांचे जुने दोस्त. बाबा गेल्यावरही त्यांचा फोन यायचा, "कसं चालू हाये व?" मी म्हणायची, "झकास, काका. तुमचं?" तिकडूनही, "झकास!"

दिग्रसला आधी थांबलो. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग, सगळीकडे धूळ. दुकानाची पाटी जुनीच, आत मात्र लग्नपत्रिका, दप्तरं आणि झेरॉक्सचं मशीन. दुकानदारानं चहा पाजला. एक गठ्ठा सोडून पाहिला.

"ताई, हे आता कोन वाचते? पोलीस भरतीचं असन त द्या." मग आवाज उतरवून म्हणाला, "जिनिंगच्या बाजूले एक रद्दीवाला हाये. चांगला मानूस हाये."

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

"त्या दुकानदारावर कायले चिडते व?" गाडीत हे म्हणाले. "त्याले बी पोट हाये."

ते खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला. आता एक पुसद उरलं होतं. गाळा दुसऱ्या दिवशी रिकामा करून द्यायचा होता. काका नाही म्हणाले असते तर मग रद्दीच.

काकांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले तर काका स्टुलावर बसलेले आणि भोवती सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे. नवीन माल आलाय! मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं चला, एक तरी दुकान जिवंत आहे.

"कोन?" काकांनी डोळे बारीक केले. "अरे बाप्पा, तू हायेस का! बरी आली. मी तुलेच फोन करनार होतो." त्यांनी गठ्ठ्यांवरून हात फिरवला. "डोळे गेले बाई आता. पोरगा पुन्याले घेऊन जाऊन राह्यला. दुकान देऊन टाकलं. हे सारं तुह्यासाठी बांधलं. रद्दीवाल्याले हात नाही लावू देल्ला. म्हटलं, यवतमाळचं दुकान चालू हाये ना, मग मले कायची चिंता?"

सांगायचं ते वाक्य मी दारव्ह्यापासून मनात घोकत आले होते. ते काही केल्या तोंडातून निघेना.

काका चाचपडत बाहेर आले. गाडीला हात लागला, मग ताडपत्रीला. ताडपत्रीवरूनच त्यांनी गठ्ठ्यांच्या कडा ओळखल्या.

"यात पुस्तकं हायेत का व?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. झालं, आता हे सगळं ओकणार.

"नवा माल हाये काका," हे म्हणाले. "दिग्रसवरून उचलला. तुमचे गठ्ठे बी बसतीन, जागा हाये."

"झकास!" काका हसले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना बाबा असतानाच पाहिलं होतं.

गठ्ठे आम्ही दोघांनी चढवले. परतताना मी ह्यांच्यावरच ओरडले, "खोटं काहून बोलले?"

"मंग तू बोलून राह्यली होती का?" ते म्हणाले आणि सवयीनं पुढच्या थांब्यापाशी गाडी हळू केली.

दोन्ही दुकानांची पुस्तकं आता आमच्या पुढच्या खोलीत आहेत. खिडकी झाकली गेली, दिवसाही दिवा लावावा लागतो. परवा पुण्याहून काकांचा फोन आला.

"कसं चालू हाये व?"

"झकास, काका."

"पोराले म्हटलं, मले एक डाव यवतमाळले ने. तुह्या दुकानात बसून चहा पिऊ दे, मंग मी मोकळा."

"या ना काका," मी म्हटलं. फोन ठेवला आणि गठ्ठ्यांच्या मधल्या वाटेत खाली बसून जी रडत सुटले, ती ह्यांनी पाणी आणून दिलं तरी थांबले नाही.