सागाची कडी आणि आमची यमू

लाकडाच्या डेपोत भुशाचं जसं असतं, तसंच किश्शांचं. संध्याकाळी झाडून काढावा, सकाळी पुन्हा ढीग! आमचे हे नाशिकला जंगल खात्यात रेंजर. त्र्यंबकच्या रस्त्याला डेपो आणि डेपोच्या कुंपणाला लागूनच आमचं क्वार्टर. पेठ-हरसूलकडून बैलगाड्या भरून साग यायचा, आणि दर गाडीमागे एखादा किस्सा फुकट.

पण त्या वर्षी माझी झोप उडवली होती एका प्रश्नानं. आमच्या यमूला मुलींच्या शाळेत घालायला नेलं होतं. मोठ्या बाईंनी नाव विचारलं. यमू गप्प. वय विचारलं. गप्प. पाटीवरचं अक्षर दाखवलं. यमू खिडकीतून बाहेरचा कडुनिंब बघत बसली. बाई मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आणा. बोलते ना ही?"

बोलते ना! घरात तोंडाला खळ नाही. पण परकं माणूस दिसलं की ओठ शिवल्यासारखे, आणि जे काय सांगायचं ते माझ्या कानात. मी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास, मूल कसं वाढवावं याचं एक पुस्तक दोनदा वाचलेली. त्यात "मूल बोलत नसल्यास" असं प्रकरण होतं. "मूल फक्त आईच्या कानात बोलत असल्यास" असं नव्हतं!

* * *

तशी माझ्या स्वतःच्या अकलेबद्दलही मला फार खात्री नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा तुळस आणि आंबा सोडून मला पान ओळखता येत नव्हतं.

पहिल्याच गणेशचतुर्थीला मोदक उकडायला केळीची पानं मिळेनात. डेपोच्या मागे छान कोवळी, मोठी पानं दिसली. आणली, धुतली, मोदकपात्रात अंथरली. झाकण काढलं तर मोदक बुडापासून लालभडक!

सासूबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, गणपतीला लाल फूल आवडतं. लाल मोदक कोणी सांगितला?"

हे हसून हसून बेजार. मग डेपोचा जुना गार्ड सोमा आला, त्यानं एक कोवळं पान तळहातावर चोळलं आणि हात माझ्यापुढे धरला. कुंकू लावल्यासारखा लाल. "साग हाय ह्यो, बाईसाहेब. आता जन्मात नाय इसरायच्या!"

नाही विसरले. पुढे यमूला मी शिकवलेलं पहिलं पान तेच. बाकीची चाळीस तिनं मला शिकवली.

* * *

सोमाचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नाही. हेडक्लार्कनं एकदा सर्व्हिस बुक पुढे घेतलं आणि म्हणाला, "आज पक्कं लिहून टाकू. जन्म कधीचा?"

"मोठ्या दुष्काळातला. आय सांगायची, मला पाटीत घालून कंदमुळं शोधाया जायची."

तेवढ्यावर काय लिहिणार? मग सोमाच म्हणाला, "आपल्या सागालाच इचारू की!" त्याच महिन्यात तोडलेला एक ओंडका पडला होता. कापलेल्या तोंडावर वर्षाला एक कडं. पाऊस चांगला त्या वर्षीचं रुंद, दुष्काळातलं दोऱ्यासारखं बारीक. सोमा सालीकडून आत मोजत निघाला. दर दहा कड्यांना बाभळीचा एक काटा टोचायचा, म्हणजे चूक होत नाही. यमू त्याच्या शेजारी काट्यांची वाटी धरून बसलेली.

पाच काटे झाले. मग आणखी आठ कडी, आणि मग आली दोन बारीक कडी, एकमेकांना चिकटून.

हेडक्लार्क म्हणाला, "अठ्ठावन्न! सोमा, पंचावन्नाला पेन्शन असते. तू तीन वर्षांपूर्वीच घरी जायला हवा होतास!"

सोमानं शेवटचा काटा उपटून वाटीत टाकला. मग कनवटीची तंबाखू काढत म्हणाला, "साहेब, दुसरा ओंडका काढा. ह्यो लय खोटं बोलतोय."

सर्व्हिस बुकात अजून "अंदाजे पन्नास" असंच आहे. आणि तेव्हापासून सोमाचा एक नियम झाला. पाहुण्यांनी उभ्या झाडाकडे बोट करून "हे किती वर्षांचं?" विचारलं की तो हात जोडतो. "उभ्या झाडाला वय नाय इचारू!"

* * *

दसऱ्याला आमच्याकडे एक वकीलसाहेब सोनं द्यायला आले. पानांची मोठी जुडी माझ्या हातात ठेवली. यमू माझ्या पदराआड. तिनं जुडीतलं एक पान ओढलं, उलटंपालटं केलं आणि मला खाली वाकवून कानात म्हणाली, "आई, हा आपटा नाही. कांचन आहे. आपट्याचं पान एवढं लांब नसतं."

वकीलसाहेब हौसेनं म्हणाले, "काय म्हणते छोकरी?"

"नमस्कार म्हणते," मी म्हटलं.

ते गेल्यावर सोमाला पानं दाखवली. सोमा म्हणाला, "पोरगी बरोबर हाय. कोन्या अडाण्यानं दिली वकिलाला ही पानं?"

मला काय आनंद झाला! मी संध्याकाळी यांना ताठ मानेनं सांगितलं, "वकील झाले म्हणून काय झालं? आपट्यातलं कांचनातलं कळत नाही त्यांना!"

यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "हळू बोल. पानं आपल्या ऑफिसातूनच गेली आहेत. कलेक्टर कचेरीलाही तीच पाठवलीत. चार टोपल्या."

* * *

आणि साहेबांचा तो दिवस! मोठे गोरे साहेब तपासणीला आले. एका भल्या मोठ्या सागाच्या ओंडक्यावर त्यांनी स्वतः काटे टोचत कडी मोजली आणि ऐटीत आकडा सांगितला, "एकशे बत्तीस!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहून बघत होतो. यमू पुढे गेली. सातवा काटा उपटला, दोन कडी अलीकडे टोचला, आणि पळत येऊन माझ्यामागे लपली.

यांची बढती त्या ओंडक्यावर पडलेली मला स्पष्ट दिसली! साहेबांनी भिंग काढलं, वाकून पुन्हा मोजलं. एकशे चौतीस. दोन कडी साहेबांच्या नजरेतून सुटली होती. मग त्यांनी टोपी काढली आणि यमूला मोडक्या मराठीत विचारलं, "टुझा नाव काय?"

यमू गप्प.

मी अभिमानानं फुगले होते, आणि त्याच क्षणी रडूही येत होतं. लाकूड घ्यायला आलेला रहीमचाचा सुतार हे बघत होता. जाताना मला म्हणाला, "बेटी, फिकीर करू नको. पांगारा भराभर वाढतो, पण त्याची खुर्ची करून बसून दाखव बरं! ही सागवान आहे."

तो शहाणा माणूस. पण शाळेच्या प्रवेशाची तारीख सागवानासाठी थोडीच थांबते?

* * *

तर ती तारीख आली. आठ दिवस मी यमूकडून घोकून घेतलं होतं: नाव यमुना, वय सहा पूर्ण. त्याच मोठ्या बाई, तेच टेबल.

"नाव काय तुझं?"

गप्प.

"यमुना," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही विचारलं," बाई म्हणाल्या.

मी मान खाली घातली. बाईंनी पाटी पुढे केली. यमूचं लक्षच नाही. ती टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होती. मी पदराखालून तिला चिमटा काढला. बाईंनी प्रवेशाचं पुस्तक मिटायला घेतलं आणि जाता जाता विचारलं, "काय करतेस गं तिथं?"

"मोजते," यमू म्हणाली.

मोठ्यानं! परक्या माणसाशी!

बाई वाकल्या. "काय मोजतेस?"

"कडी. सत्तावीस आहेत. पुढची सुतारानं रंध्यानं घालवली. साग आहे हा. यात दोन वर्षं पाऊस नव्हता, इथं. हे बघा."

बाईंनी चष्मा लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुस्तक उघडलं, टाक शाईत बुडवला आणि माझ्याकडे न बघता लिहू लागल्या: यमुना. लिहिताना त्यांना हसू येत होतं.

"हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "टेबलाचं वय सांगितलंस. आता माझं वय किती ते सांग बघू!"

यमू उठली. बाईंकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं. खुर्चीला एक फेरी घातली. मग समोर येऊन, दोन्ही हात मागे बांधून, स्पष्ट आवाजात म्हणाली,

"तसं नाही सांगता येत. तुम्हाला आधी कापावं लागेल."