धुराडं नसलेल्या इमारतीचा धुराडेवाला

बोगुमिल वासिल्चुक हा पोलंडमधल्या सुवाल्कीतला तिसऱ्या पिढीचा धुराडेवाला. आजोबांनी धुराडी झाडली, वडिलांनी झाडली आणि बोगुमिलच्या वाट्याला आली एकही धुराडं नसलेली चार मजली नवी इमारत. तिथे गच्चीवरचं यंत्र घरातली कोंदट हवा बाहेर टाकी, टाकण्याआधी तिची ऊब काढून ताज्या हवेला देई आणि ती हवा छतालगतच्या जाळीतून खोल्यांत सोडी. खिडकी उघडायला नको, ऊब दवडायला नको. हवेच्या वाटा तपासणंही तिथे धुराडेवाल्याचंच काम; बोगुमिलने वर्षातून एकदा जाळीपाशी हवेचा झोत मोजणारा मापक धरायचा आणि सही करायची. काळा डगला मात्र आजोबांसारखाच. तो जिन्यात दिसला की शिकलेसवरलेले लोकही शकुन म्हणून आपलं बटण चिमटीत धरत.

यंदा भिंतींना बुरशी आली. सोसायटीच्या अध्यक्षांनी निकाल दिला: यंत्र कुचकामी. महिनाभरात सुधारलं नाही तर ते बंद, आणि बोगुमिलचं कामही बंद.

या खेपेला बोगुमिल तपासणीची आगाऊ नोटीस न लावताच आला. तिसऱ्या मजल्यावर गेनोवेफाकाकूंच्या जाळीत लोकरी मोजा कोंबलेला होता.

"काकू, हे काय?"

"मोजा."

"ते दिसतंय. कशाला?"

"मानेवर वारा येतो. वाऱ्यानेच माझे मेहुणे गेले."

"ते तर शहाण्णव वर्षांचे होते."

"मग? शंभरी हुकलीच ना."

"पण दरवर्षी मापं तर बरोबर येतात."

"तुम्ही यायच्या दिवशी काढतो की सगळे. पाहुण्यासमोर मोजा बरा दिसतो का?"

चार वर्षं बोगुमिलने ऊब आणि ओल यांवर व्याख्यानं दिली होती. आज त्याची नजर टेबलावर गेली. वर्तमानपत्रावर अळंबीच्या चकत्या पसरल्या होत्या, कडेच्या काळवंडलेल्या.

"वाळतच नाहीत मेल्या," काकू म्हणाल्या. "या घराच्या हवेत दमच नाही."

बोगुमिलने दोरा मागितला, चांगल्या चकत्या ओवल्या, मोजा उपसला आणि माळ जाळीखाली टांगली.

"आणि माझी मान?"

"खुर्ची तिकडे सरकवा."

तिसऱ्या दिवशी चकत्या कुरकुरीत झाल्या आणि काकूंनी त्या जिनाभर दाखवल्या. सुवाल्कीत मान अवघडलेली चालते, अळंबी सडलेली चालत नाही. आठवड्यात घरोघरी माळा लागल्या, अध्यक्षांकडे दोन.

महिनाअखेरीस मापं चोख आली. भिंती सुकत होत्या.

"शेवटी दुरुस्त केलंत म्हणायचं यंत्र," अध्यक्ष म्हणाले.

"केलं," बोगुमिल म्हणाला आणि सही केली.

जिन्यात काकूंनी गाठलं. "जंगलातली अळंबी संपली हो. आता काय टांगायचं?"

"सफरचंदं आहेत का घरात?"

"टोपलीभर आहेत. पण चिरणार कोण?"

बोगुमिलने डगला काढून काकूंच्या घरातल्या खुंटीला लावला आणि सुरी मागितली.